डोंगराची साक्ष

न्यायशास्त्रातला अनुमानाचा पहिला दृष्टांत डोंगरावरचा आहे. समोरच्या डोंगरावर धूर दिसतो, त्या अर्थी तिथे अग्नी आहे. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हाती घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे घोकलेले असते. अग्नी डोळ्यांना दिसत नाही, धूर दिसतो. धूर आणि अग्नी यांची सोबत आपण चुलीपाशी शेकडो वेळा पाहिलेली असते, म्हणून न पाहिलेल्या अग्नीबद्दलही आपण खात्रीने बोलतो.

नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या माथ्यावर तोरणमाळ आहे. तिथे धूर नाही. समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरांच्या वरचे थंड पठार, मध्ये यशवंत तलाव, आसपास भिल्ल-पावरा बांधवांचे पाडे आणि गोरक्षनाथांचे मंदिर. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही माणसे येतात. आपल्या वारकऱ्यांना हे ठिकाण परके नाही. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि मग ज्ञानोबाराय, अशी आपली गुरुपरंपरा. त्यांतल्या गोरक्षनाथांचे ठाणे अंगावर घेऊन हा डोंगर उभा आहे. आणि भूगर्भशास्त्र सांगते की हा डोंगर म्हणजे थिजलेला अग्नी आहे. थरावर थर नुसता लाव्हा.

धूर नाही, ज्वाळा नाही, मग हे अनुमान कशावरून केले? माझ्यासारख्या जुन्या पद्धतीने शिकलेल्या माणसाला या शास्त्राची गोडी लागली ती इथे. आपल्या न्यायशास्त्रात कार्यावरून कारणाकडे जाणारे अनुमान आहे, त्याला शेषवत् म्हणतात. नदीला गढूळ पूर आला, म्हणजे वर कुठेतरी पाऊस झाला. पाऊस आपण पाहिला नाही, पुराने सांगितला. भूगर्भशास्त्राचा सारा व्यवहार याच जातीचा आहे. ज्या घटनेला माणूस साक्षी नव्हता, तिची साक्ष दगडाकडून काढायची.

तोरणमाळला चढताना सातपायरी घाट लागतो. घाटाला पायरीचे नाव कुणी दिले ठाऊक नाही, पण ज्याने दिले त्याची नजर चांगली होती. आपल्या सह्याद्री-सातपुड्याचे डोंगर लांबून पाहिले तर पायऱ्या घातल्यासारखे दिसतात. लाव्हाचा एक थर पसरला, थिजला, त्यावर दुसरा आला. प्रत्येक थराचा टणक भाग कड्यासारखा उभा राहतो आणि ठिसूळ भाग झिजून मागे सरतो. युरोपातल्या अभ्यासकांनी असल्या खडकाला ‘ट्रॅप’ म्हटले. तो शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आला आहे. दख्खनचे ट्रॅप म्हणजे दख्खनचे जिने. आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. वेरूळचे कैलास लेणे यातच कोरलेले, अजिंठाही यातच.

दोन काळ्या थरांच्या मध्ये कित्येक घाटांत तांबडी पट्टी दिसते. बसच्या खिडकीतून आपण सगळ्यांनी ती पाहिली आहे आणि कुणी तिच्याकडे लक्ष दिलेले नाही. वरचा लाव्हा येण्याआधी खालचा थर उघडा पडून होता, त्यावर ऊनपाऊस झाला, त्याची माती झाली, मग पुन्हा अग्नी आला. म्हणजे ती पट्टी हा दोन अग्नींच्या मधला विसावा आहे. काही ठिकाणी त्या विसाव्यात तळी साचली, वनस्पती वाढल्या. छिंदवाड्याजवळच्या मोहगावकलान इथले असे वनस्पतींचे अवशेष बिरबल साहनी यांनी अभ्यासले. जळलेल्या जमिनीवर पुन्हा हिरवे उगवले, आणि त्यावर पुन्हा लाव्हा आला.

तापी ओलांडून नंदुरबार-धुळ्याच्या सपाटीवर आले की दुसराच प्रकार दिसतो. भिंतीसारख्या अरुंद, लांबच लांब टेकड्या. जमिनीला भेगा पडल्या, त्यांतून तप्त रस वर आला, तिथेच थिजला, आणि भोवतालचा खडक झिजल्यावर ती भिंत उघडी राहिली. तिला डाइक म्हणतात. मुंबईच्या आयआयटीतले हेतु शेठ आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ साली या मुलखातल्या दोनशेहून अधिक डाइकांचा अभ्यास मांडला. बहुतेक भिंती पूर्व-पश्चिम धावतात. ज्वालामुखी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या तोंडातून उडणारा अग्नी येतो. दख्खनचा अग्नी बराचसा असा जमिनीच्या भेगांतून वाहत आलेला आहे.

खुद्द तोरणमाळच्या थरांवर २००० साली जॉन महोनी, हेतु शेठ, डी. चंद्रशेखरम आदी अभ्यासकांनी निबंध लिहिला. घाटातल्या एकेका थराचा दगड घेऊन त्याची रासायनिक कुळी तपासली आणि ती सह्याद्रीतल्या थरांच्या कुळीशी ताडून पाहिली. काही नाती जुळली, काही जुळली नाहीत. जी जुळली नाहीत तीही त्यांनी छापली. हे लक्षात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल.

आता वादाकडे येतो. दख्खनचा हा अग्नी वाहिला तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. त्याच सुमारास पृथ्वीवरच्या जीवांच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश जाती नाहीशा झाल्या, डायनासोर त्यांतलेच. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला त्यांची हाडे सापडतात. हा संहार कशाने झाला? १९८० साली अमेरिकेतले लुई अल्वारेझ, त्यांचे चिरंजीव वॉल्टर आणि त्यांचे सहकारी यांनी सांगितले की आकाशातून मोठा अशनी आदळला. इटलीतल्या गुब्बिओजवळ चिकणमातीच्या एका पातळ थरात त्यांना इरिडियम नावाचा धातू प्रमाणाबाहेर सापडला. हा धातू भूपृष्ठावर अगदी विरळ असतो आणि अशनींत पुष्कळ असतो. पुढे मेक्सिकोत चिक्सुलुब इथे जमिनीखाली दडलेले प्रचंड विवर ओळखले गेले. दुसरा पक्ष म्हणाला, एवढा लाव्हा आणि त्याबरोबरचे विषारी वायू दख्खनमधून निघत असताना कारण आकाशात कशाला शोधता? फ्रान्सचे व्हिन्सेंट कुर्तिलो आणि अमेरिकेतल्या गेर्टा केलर या पक्षाचे मोठे पुरस्कर्ते.

हा वाद चाळीस वर्षांहून जास्त चालला आहे. आपल्या शास्त्रकारांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व कळावे म्हणून केलेली चर्चा तो वाद. जिंकण्यासाठी केलेली तो जल्प. स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा नुसता पाडायचा, ती वितंडा. या वैज्ञानिकांच्या चाळीस वर्षांत तिन्ही पाहायला मिळतात. लुई अल्वारेझ हे नोबेल पारितोषिक मिळालेले पदार्थवैज्ञानिक. त्यांनी आपल्याशी सहमत नसलेल्या जीवाश्म-अभ्यासकांची पोस्टाची तिकिटे गोळा करणारे म्हणून हेटाळणी केली. विद्या मोठी, पण बोलणे जल्पाचे. आपल्या फडांतली भांडणे आठवून एखाद्याला हसू येईल, मलाही आले.

पण २०१९ साली याच प्रश्नावर ‘सायन्स’ नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध लागोपाठ छापले गेले. एका गटाने तांबड्या पट्ट्यांमधले झिरकॉनचे सूक्ष्म कण घेतले. झिरकॉन घडताना युरेनियम आत घेतो, शिसे घेत नाही. पुढे युरेनियमचे ठरावीक गतीने शिसे होत जाते, म्हणून आतल्या शिशावरून वय कळते. दुसऱ्या गटाने लाव्हातल्या पोटॅशियमपासून होणाऱ्या आर्गॉन वायूवरून वय काढले. दोघांचे दगड आपल्याच डोंगरांतले, थरांची नावेही आपल्याच गावांची: पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. लाव्हाचा बहुतांश भाग दहा लाख वर्षांच्या आत येऊन गेला, यावर दोघांचे एकमत. पण पहिल्या गटाच्या मते लाव्हा उसळ्यांनी आला आणि एक मोठी उसळी संहाराच्या थोडी आधी होती. दुसऱ्याच्या मते तो बऱ्यापैकी सलग वाहिला आणि त्याचा मोठा भाग संहारानंतरचा आहे. आज बहुसंख्य अभ्यासकांचा कौल अशनीकडे आहे, तरी त्या संहारात दख्खनचा वाटा किती, हे मिटलेले नाही. प्रत्येकाने आपली मोजणी उघडी ठेवली आणि ती किती हजार वर्षांनी पुढेमागे होऊ शकते तेही आकड्याशेजारी लिहिले. याला मी वाद म्हणतो, शास्त्राच्या अर्थाने.

सज्जनहो, एका आध्यात्मिक मासिकात मी हे इतके का सांगतो आहे? दोन वर्षांपूर्वी खानदेशातल्या एका गावी सप्ताहात मी श्रोता म्हणून बसलो होतो. कीर्तनकार तरुण, आवाज गोड, पाठांतर उत्तम. ते म्हणाले, ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा असे आपली पुराणे सांगतात, आणि शास्त्रज्ञ आज पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे सांगतात. पाहा, आमच्या ऋषींना हे आधीच ठाऊक होते. टाळ्या झाल्या. कीर्तन संपल्यावर गावातलाच एक मुलगा पुढे आला. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकणारा. त्याच्या आजोबांनी त्याच सप्ताहात वीणा धरली होती. त्याने नम्रपणे विचारले, “महाराज, तो आकडा ऋषींनी मोजला कसा?” महाराजांनी उत्तर देण्याआधीच एक कार्यकर्ता म्हणाला, देवाच्या दारात शंका काढायला आलास का? पोर गप्प झाले आणि निघून गेले. काल्याच्या दिवशी ते दिसले नाही.

त्या मुलाचा प्रश्न हाच खरा प्रश्न आहे. कीर्तनात आपण एखादे विधान केले की संतवचनाचे प्रमाण देतो, आणि ते चुकीच्या जागी दिले तर जाणकार टाळकरीसुद्धा मान हलवतो. प्रमाण कुठून आले आणि कोणत्या अर्थाने आले, हे सांगण्याची शिस्त आपल्या फडातच आहे. मग दगडाच्या बाबतीत ती शिस्त का सोडायची?

आधी आपल्याच घरचा हिशेब पाहू. ४३२ कोटी हा ब्रह्मदेवाच्या अख्ख्या दिवसाचा आकडा. पण संकल्प सोडताना आपण म्हणतो की सध्या श्वेतवाराहकल्पातले वैवस्वत मन्वंतर चालू आहे. चौदांपैकी हे सातवे. म्हणजे दिवस अजून अर्धाही झालेला नाही. आपल्याच पंचांगाप्रमाणे या कल्पाची दोनशे कोटींपेक्षा कमी वर्षे सरली आहेत. ४५४ कोटींशी ताडून पाहायचाच तर तो आकडा ताडायला हवा, आणि तो जुळत नाही. जो जुळतोसा वाटतो तोही २२ कोटी वर्षांनी कमी आहे. एवढ्या काळात दख्खनच्या अग्नीपासून आजपर्यंतचा सारा इतिहास तीनदा बसेल. शिवाय हा आकडा दगडावरून काढलेला नाही. कलियुग ४ लाख ३२ हजार वर्षांचे, द्वापर त्याच्या दुप्पट, त्रेता तिप्पट, कृत चौपट, अशी ती मांडणी. तिचे प्रयोजन माणसाला त्याच्या आयुष्याचे माप दाखवण्याचे आहे, आणि ते काम ती आजही चोख करते.

दुसरे असे पाहा. १८६२ साली लॉर्ड केल्विन या नामांकित वैज्ञानिकाने पृथ्वी थंड व्हायला किती काळ लागला असेल यावरून तिचे वय २ कोटी ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान सांगितले. पुढे १८९७ साली तो २ ते ४ कोटींवर आला. त्या काळी ही मोजणी फार वजनदार मानली जात होती. युरेनियमसारख्या द्रव्यांपासून वय काढण्याची वाट तेव्हा सापडलेली नव्हती. ४५५ कोटींचा आकडा क्लेअर पॅटरसन यांनी अशनीतल्या शिशावरून काढून १९५६ साली प्रसिद्ध केला. आता सांगा, १८९७ साली पुराण खोटे होते आणि १९५६ साली खरे झाले का? ज्या ग्रंथाची सत्यता परदेशातल्या प्रयोगशाळेतल्या मोजणीबरोबर वरखाली होते, त्या ग्रंथाला आपण किती छोटा केला! आपण समजतो की पुराणाचा गौरव केला. प्रत्यक्षात त्याला दुसऱ्याच्या दाराशी दाखला मागायला उभे केलेले असते.

पांडुरंग अठ्ठावीस युगे विटेवर उभा आहे अशी आपली भावना. त्या युगांची बेरीज करून पंढरपूरच्या खडकाचे वय कुणी काढायला बसले तर आपणच त्याला थांबवू, कारण ते प्रेमाचे बोलणे आहे. आई लेकराला म्हणते, जन्मभर तुझी वाट पाहत होते रे; ते खोटे नसते आणि घड्याळाने तपासायचेही नसते. मग एका ठिकाणी आपल्याला हे कळते आणि ब्रह्मदेवाच्या दिवसापाशी का कळत नाही? माझ्या मते याचे कारण भक्तीत नाही, मानात आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी अमानित्व पहिले ठेवले आहे, आणि माउलींनी त्याचे निरूपण किती विस्ताराने केले आहे ते ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला सांगायला नको. ‘हे आमच्याकडे आधीच होते’ या वाक्यातला ‘आम्ही’ कोण, हे त्या निरूपणासमोर बसून स्वतःला विचारावे.

दगडाच्या तोंडी आपले शब्द घालण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो जास्त क्रूर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून थकलेली माणसे झोपेत होती. लातूर आणि धाराशिवकडच्या गावांत सुमारे आठ हजार जीव गेले. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड धाबी अंगावर पडली. त्यानंतर काही व्यासपीठांवरून मी ऐकले आहे की हे पापाचे फळ. कुणाच्या पापाचे? पाळण्यातल्या लेकराच्या? १९३४ साली बिहारच्या भूकंपानंतर महात्मा गांधींनीही तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड आहे असे म्हटले होते. रोग त्यांनी खरा ओळखला होता, पण भूकंपाला त्याचा साक्षीदार करणे रवींद्रनाथ टागोरांना पटले नाही आणि त्यांनी कडक शब्दांत विरोध लिहिला. गांधींनी तो विरोध आपल्याच ‘हरिजन’ पत्रात छापला आणि उत्तर दिले. दोघांचे मत जुळले नाही. या प्रकरणात मी टागोरांच्या बाजूचा आहे. त्या भूकंपात ज्यांच्यावर अस्पृश्यता लादली होती त्यांचीही घरे पडली असणार.

म्हणून माणसाच्या करणीचा आणि धरणीचा काही संबंधच नाही, असेही नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर धरणाच्या जलाशयाने तो घडवला का, याची चर्चा जगभर झाली आणि आज कोयना हे जलाशयामुळे चेतवल्या जाणाऱ्या भूकंपांचे ठळक उदाहरण मानले जाते. त्यासाठी जमिनीत सुमारे तीन किलोमीटर खोल भोक पाडून खडक बाहेर काढले आहेत. कऱ्हाडला त्याची प्रयोगशाळा आहे. इथे माणसाची करणी आहे, पण ती पाण्याच्या वजनाने आणि खडकातल्या भेगांनी दाखवता येते. तशी कडी दाखवता येत नसेल तर व्यासपीठावरून न्यायनिवाडा करू नये.

पूर्वपक्ष येतो की विज्ञान रोज बदलते, शास्त्र अढळ आहे. मग बदलणाऱ्याला इतका मान कशाला? मी उलटे विचारतो. साक्षीदार म्हणतो, माझी चूक एवढ्या मर्यादेत असू शकते. अशा साक्षीदारावर न्यायाधीश जास्त विश्वास ठेवतो की कमी? तोरणमाळच्या निबंधात न जुळलेली नातीही छापली गेली, हे मी वर म्हटले ते यासाठी. आणि आपण अढळ म्हणतो ते काय? नाम अढळ आहे. देव भूतमात्रांत आहे हे अढळ आहे. लाव्हा उसळ्यांनी आला की सलग, याबद्दल संतांनी काही सांगितलेले नाही, आणि त्यामुळे त्यांच्यात काही उणे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मुलाच्या घरी गेलो होतो. आजोबांनी चहा मांडला. मी त्याला सांगितले, “बाळ, ऋषींनी मोजल्याची नोंद नाही, त्या आकड्याचे काम वेगळे आहे. तू विचारलेस ते बरोबर होते आणि ते देवाच्या दारातच विचारायचे असते. अर्जुनाने रणात विचारले.” तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने आत जाऊन एक दगड आणला, काळा, वरच्या अंगाला पोकळ्या आणि त्यांत पांढरे स्फटिक. वाहत्या लाव्हातून वायूचे बुडबुडे निघताना राहिलेल्या त्या जागा आणि मागाहून पाण्याने भरलेली खनिजे, हे त्याने आम्हा दोघांना समजावले. आजोबांनी दगड हातात घेतला आणि कितीतरी वेळ फिरवून पाहिला.

मग कीर्तनात विज्ञान आणूच नये का, असे मला तरुण कीर्तनकार विचारतात. जरूर आणावे. अग्नीवर माती, मातीवर रान, रानावर पुन्हा अग्नी, आणि त्या थरांच्या माथ्यावर आज गोरक्षनाथांची यात्रा. अनित्यतेला याहून चांगला दृष्टांत कुठे मिळणार? फक्त दृष्टांत हा दृष्टांत म्हणून द्यावा, प्रमाण म्हणून नव्हे. आकडा द्यायचाच झाला तर गावातल्या विज्ञानाच्या शिक्षकांना आधी विचारून घ्यावा, ‘सध्याच्या मोजणीनुसार’ एवढे शब्द आकड्याच्या आधी घालावेत, आणि पुढच्या चालीला लागावे.